बेगडी मुकुट आणि अभिषेकाचा मंत्र

गेल्या वर्षी परीक्षेच्या दिवसांत माझा एक विद्यार्थी प्राध्यापक कक्षाच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, राज्य ताब्यात आलंय, पण अभिषेक व्हईना."

मी उत्तरपत्रिका तपासत होतो. मान वर न करताच विचारले, "कुठलं राज्य रे?"

"खेळातलं, सर."

"मग करून टाक की अभिषेक. खेळच हाय."

"त्याला पुरोहित लागतो, सर. अन् रक्त लागतं. माझ्यात रक्त न्हाई."

हा मुलगा वसतिगृहात राहतो. त्याचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात ते उन्हाळ्यातच परततात. 'माझ्यात रक्त नाही' हे त्याने हसत हसत सांगितले. तो खेळाच्या नियमाविषयी बोलत होता. पण माझ्या हातातले लाल शाईचे पेन तिथेच थांबले. हा लेख त्या वाक्यातून निघाला आहे. चळवळीपुढे इतके प्रश्न उभे असताना खेळावर कसला लेख लिहायचा, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा. माणसे मोकळेपणी कल्पना करतात तेव्हा त्यांना काय सुचते, त्याहून अधिक काय सुचत नाही, हे पाहिले की त्यांच्या डोक्यात घट्ट रुतून बसलेली व्यवस्था दिसू लागते.

प्रथम खेळ समजून घेऊ. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. याला सोंगट्यांचा पट असलाच पाहिजे असे नाही. चारपाच जण एका टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे; कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी देवाचा भक्त, कोणी चोर. एकाने सूत्रधार व्हायचे. तो प्रसंग सांगतो, "तुम्ही किल्ल्याच्या दाराशी आलात, आत दिवा दिसतो आहे." मग ज्याने त्याने आपल्या सोंगाला शोभेल असे बोलायचे, वागायचे. धाडस यशस्वी झाले की फसले हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते. म्हणजे आपला वगच. फरक इतकाच की येथे प्रेक्षक नाहीत, सगळेच सोंगाडे. माझ्या विद्यार्थ्याचे दोनतीन मित्र पुण्यात अभियांत्रिकी शिकतात. त्यांनी हा खेळ लातूरला आणला. सुट्टीत सगळे तेथे जमतात, नियमपुस्तकाच्या झेरॉक्स प्रती घेऊन रात्र रात्र बसतात.

या खेळात ड्रॅगन आहेत, उडणारी जहाजे आहेत, मेलेली माणसे उठतात. कल्पनेला काही बंधन नाही असे वाटते. पण १९७८ सालच्या त्याच्या प्रसिद्ध नियमपुस्तकात काय होते ते पाहा. खेळाडूने आधी आपल्या सोंगाचा वंश ठरवायचा. मनुष्य असेल तर योद्धा म्हणून त्याला कितीही पायऱ्या चढता येत. हाफलिंग नावाच्या ठेंगण्या वंशाचा असेल तर योद्धा म्हणून त्याने फार तर सहाव्या पायरीपर्यंतच जायचे. खाणीत राबणाऱ्या बुटक्या ड्वॉर्फ वंशाला जादूची विद्या बंद. पॅलाडिन म्हणजे धर्मवीर. तो होण्याचा अधिकार फक्त मनुष्याला. कोणी किती पराक्रम केला याचा येथे संबंधच नाही. जन्म कोठे झाला, त्यावर विद्या ठरणार आणि चढण्याची मर्यादाही ठरणार. हे वाचून ज्याला मनुस्मृती आठवली नाही त्याने ती वाचलेली नाही. अमेरिकेतल्या दोघा खेळकऱ्यांना मनू ठाऊक असण्याचे कारण नव्हते. उतरंड सुचण्यासाठी मनू वाचावाच लागतो असे नाही, एवढाच याचा अर्थ. पायऱ्यांची ही मर्यादा २००० सालच्या आवृत्तीत काढून टाकण्यात आली आणि २०२४ च्या नियमपुस्तकात 'वंश' हा शब्द जाऊन तेथे 'प्रजाती' हा शब्द आला. त्या देशातही यावर मोठा वाद झाला. शब्द बदलायला पन्नास वर्षे लागली.

पण माझा विद्यार्थी ज्यात अडकला होता तो याच खेळाचा एक वेगळा प्रकार. त्याचे नाव 'बर्थराइट'. टीएसआर या कंपनीने तो १९९५ साली काढला. बर्थराइट म्हणजे जन्मसिद्ध हक्क. (हे शब्द आपल्याकडे कोणाच्या तोंडी शोभले आणि कोणाच्या तोंडी खटकले, ते वाचक जाणतात.) यात खेळाडू भटका वीर नसतो. तो राजा असतो, धर्मपीठाचा प्रमुख असतो, व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा मुख्य असतो, नाहीतर जादूच्या उगमांवर हक्क सांगणारा मांत्रिक असतो. तीन महिन्यांचा एक डाव. त्यात कर गोळा करायचे, सैन्य उभारायचे, शेजारच्या प्रांतात असंतोष पेटवायचा, तह करायचे. राजकीय महत्त्वाकांक्षा हाच या खेळाचा विषय आहे. सम्राटाचे आसन शेकडो वर्षे रिकामे पडले आहे आणि प्रत्येकाचा डोळा त्यावर आहे.

या जगाची पुराणकथा अशी. फार पूर्वी एका डोंगरावर देवांचे युद्ध झाले. देव नष्ट झाले आणि त्यांचे तेज त्या रणांगणावर असलेल्या माणसांच्या रक्तात उतरले. त्यांचे वंशज ते रक्ताचे. बाकी सगळी सामान्य प्रजा. रक्ताच्या माणसाने राज्य केले की त्याला राज्यतेज मिळते, ते साठवता येते, त्याच्या बळावर मोठी कामे करता येतात. बिनरक्ताच्या माणसाने तेवढेच राज्य तितक्याच शहाणपणाने चालवले तरी त्याच्या खात्यावर शून्य. रक्त मिळवायचे कसे? जन्माने मिळते. एखाद्या रक्ताच्या माणसाने विधिपूर्वक दान केले तर मिळते. नाहीतर त्याला ठार मारून हिसकावून घेता येते. आणि मुख्य गोष्ट अशी की, जिंकलेला प्रदेश केवळ जिंकल्याने आपला होत नाही. त्यासाठी अधिकारारोहणाचा विधी करावा लागतो, आणि तो विधी पुरोहितच करू शकतो. सैन्य तुमचे, खजिना तुमचा, किल्ले तुमचे. मंत्र मात्र त्याचा.

माझ्या विद्यार्थ्याने मुद्दाम सामान्य घरातला नायक घेतला होता. तीन रात्री खेळून त्याने एक प्रांत जिंकला. आता पुरोहिताचे सोंग घेतलेला त्याचा मित्र त्याला म्हणत होता, "अभिषेक करतो, पण अर्धा कर देवळाला लिहून दे. आणि आधी कोणाचं तरी रक्त घेऊन ये."

मी त्याला म्हणालो, "अरे, हा खेळ तुझ्या मित्राने नाही काढला, अमेरिकेनेही नाही. हा खेळ आपल्याकडे खरोखर झाला आहे." आणि उत्तरपत्रिका बाजूला सारून त्याला रायगडावर घेऊन गेलो.

६ जून १६७४. त्या दिवसापूर्वी शिवाजी महाराजांजवळ काय नव्हते? किल्ले होते, आरमार होते, अफझलखान आणि शाएस्तेखान यांची कथा देशभर झालेली होती, औरंगजेबाच्या कैदेतून ते निसटून आलेले होते. रयत त्यांना राजा म्हणतच होती. तरीही विजापूरच्या दृष्टीने ते एका जहागीरदाराचे बंडखोर चिरंजीव आणि कित्येक मराठा सरदारांच्या दृष्टीने आपल्यातलेच एक. स्वतंत्र राज्य म्हणून उभे राहायचे, सनदा द्यायच्या, तह करायचे, तर छत्र धरणे भाग होते. ही राजकीय गरज होती आणि ती त्यांनी अचूक ओळखली होती. अडचण आली ती मंत्राच्या दाराशी. वेदोक्त अभिषेक क्षत्रियालाच, आणि कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत असे येथला ब्रह्मवृंद सांगत होता. शेवटी काशीहून गागाभट्ट आले. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे, म्हणजे आपल्याच गोदाकाठचे. भोसल्यांचे मूळ उदयपूरच्या शिसोदियांशी जोडण्यात आले. अभिषेकाच्या काही दिवस आधी महाराजांची मुंज लागली. चव्वेचाळीस वर्षांच्या, मुलेबाळे असलेल्या पुरुषाची मुंज! मग स्वतःच्याच राण्यांशी वेदोक्त पद्धतीने पुन्हा विवाह झाला. तेव्हा कोठे अभिषेकाचा मार्ग मोकळा झाला. एवढे होऊनही त्याच वर्षी २४ सप्टेंबरला निश्चलपुरी गोसाव्याच्या हातून तांत्रिक पद्धतीने दुसरा राज्याभिषेक झाला. पहिल्या विधीत उणिवा राहिल्या, असे या गोसाव्याचे म्हणणे होते. एका पुरोहिताने लावलेले कुलूप दुसरा पुरोहित उघडतो आणि पुन्हा स्वतःचे लावतो.

बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ लिहिला आणि तो महात्मा फुल्यांना अर्पण केला. त्यात त्यांनी या राज्याभिषेकाची बारकाईने चिकित्सा केली आहे. त्यांचा रोख शिवाजी महाराजांवर नाही हे नीट समजून घेतले पाहिजे. त्यांना दाखवायचे आहे ते असे की, उपनयनाचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती माणसाचा दर्जा. उपनयन नाकारले की क्षत्रियाचा शूद्र होतो. पुन्हा देऊ केले की शूद्राचा क्षत्रिय होतो. तलवारीच्या धारेने हा दर्जा बदलत नाही. 'बर्थराइट'चा नियम लिहिणाऱ्यांनी हे पुस्तक पाहिले असण्याची शक्यता नाही, पण त्यांच्या खेळातला पुरोहित नेमके हेच करतो.

युरोपातही हाच पेच होता. सन ८०० मध्ये पोपने शार्लमेनच्या डोक्यावर मुकुट ठेवला. पुढे १८०४ साली नेपोलियनने स्वतःच्या हाताने मुकुट डोक्यावर चढवला. शूर कृत्य म्हणून ते सांगितले जाते. पण त्यासाठी पोपला रोमहून पॅरिसला आणून शेजारी बसवावे लागलेच.

आता माझ्या घरातला अभिषेक सांगतो. आमचे गाव निलंगा तालुक्यात. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मीच पहिला. माझ्या आज्याला मात्र शाळेवाचून सातआठ राज्ये तोंडपाठ होती. त्याचा तमाशाचा लहानसा फड होता आणि वगात तो राजा होई. पुठ्ठ्याच्या मुकुटाला बेगड लावलेले, लाकडी तलवार, लातूरहून भाड्याने आणलेला जरीचा झगा. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही त्याचा फड एकदोनदा लागला होता. वगातल्या जगात काय काय होते! गरिबाचा पोर कोडे सोडवतो आणि अर्धे राज्य व राजकन्या मिळवतो. सोंगाड्या भर दरबारात प्रधानाची फजिती करतो. महारामांगांच्या, कोल्हाट्यांच्या मुखातून राजे आज्ञा सोडतात आणि पाटील-देशमुख समोर बसून ऐकतात. आपले अभ्यासक याला लोककलेतले बंड म्हणतात. मलाही कधी काळी तसे वाटे.

पण या जगात शिरण्याचा दरवाजा कसा होता? दिवसा फडाने पाटलाच्या वाड्यावर जाऊन मुजरा करायचा. मारुतीपुढे नारळ फुटायचा. तो फोडणारा हात दुसऱ्याचा, फड पाराखाली उभा. रात्री आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि मग वग. म्हणजे राजा होण्याआधी देवाला आणि गावाला नमन. आणि उजाडले की बेगडी मुकुट पेटीत, राजा तराळकीला हजर. माझी आजी सांगे, रात्री ज्या हाताने त्याने वजिराला सुळावर चढवायचा हुकूम दिला, त्याच हाताने सकाळी चावडीपुढचे शेण भरले.

सत्यशोधक जलशांनी ही गोष्ट ओळखली होती. त्यांनी गणाचा अर्थच फिरवला. गणपती म्हणजे गणांचा, लोकांचा पती असे ते सांगू लागले. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आंबेडकरी जलशांनी त्यापुढे पाऊल टाकले. देवस्तुतीच्या जागी बाबासाहेबांचा विचार आला. अण्णाभाऊ साठे यांनीही गणेशाला वगळून मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन केले, गवळण काढून टाकली आणि तमाशाचे लोकनाट्य केले. साहित्याचे समीक्षक याला रचनेतला बदल म्हणतात. मला वाटते, हा अभिषेकाच्या मंत्रातला बदल होता. वगातला राजा कोण, या प्रश्नाला त्यांनी हात घातला नाही. वग सुरू होण्यापूर्वी कोणापुढे वाकायचे, तेथे त्यांनी बोट ठेवले.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. ही हवा आमच्याकडे उशिराने आली. धर्मांतरानंतर तीनचार वर्षांनी आज्याने एका गावच्या जत्रेत गण म्हणायचे नाकारले आणि बुद्धवंदनेने फड उभा केला. त्या रात्री वग झालाच नाही. पुढच्या साली ठरलेल्या सुपाऱ्या एकेक करून रद्द झाल्या आणि फड मोडला. ढोलकीवाला भिवंडीच्या मागावर गेला, नाच्या पोऱ्या लातूरच्या अडत बाजारात हमाल झाला. आज्या रोजगार हमीच्या खडीवर गेला. म्हातारपणी तो मला म्हणाला, "बापा, तीस साल मी राजा झालो तवा कुणाचं काय बी गेलं न्हाई. गण सोडला तवा गाव उठलं."

राजकारणावरची अनेक पुस्तके मी वाचली, शिकवली. हे वाक्य मला त्यांत सापडले नाही. खोट्या जगात तुम्ही कितीही उंच चढा, व्यवस्थेला त्याचा त्रास नसतो; उलट एका रात्रीच्या राज्याने माणूस वर्षभर शांत राहतो. पण विधीला हात लावलात की तीच माणसे खेळ थांबवतात.

यावर कोणी म्हणेल, मग आपलाच पुरोहित का करू नये? तोही प्रयोग महाराष्ट्रात झाला. १८९९ साली पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत आहे हे उघड झाले आणि राजर्षी शाहूंचा वेदोक्ताचा लढा सुरू झाला. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या राजालाही शूद्राचा मंत्र! महाराजांनी त्या पुरोहिताची वतने काढून घेतली, पुढे १९२० मध्ये मराठा समाजातल्या एका तरुणाला क्षात्रजगद्गुरू म्हणून पाटगावच्या मौनी महाराजांच्या पीठावर बसवले. त्या काळात हे धाडस फार मोठे होते आणि माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांच्या नेतृत्वाची घोषणा करणाऱ्या शाहूंविषयी मी आदरानेच लिहितो आहे. पण पीठावरचा माणूस बदलला तरी पीठ राहते, आणि पीठाला वर-खाली लागतेच. क्षात्रजगद्गुरू या शब्दातच क्षात्र आहे. आमच्या मांगवाड्याला त्या पीठाची पायरी कोणत्या बाजूने पडणार होती?

या प्रश्नाचे एक निराळे उत्तर मी राहतो त्या गावातच आहे, आणि नांदेडकर असून मला ते उशिरा दिसले. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी पाच जणांना अमृत दिले. त्या पाचांत एक खत्री होता. बाकीचे जाट, पाणक्या, शिंपी आणि न्हावी अशा जातींतले. न्हावी होता तो बिदरचा, म्हणजे आमच्या उदगीरच्या पलीकडचा. आणि मग गुरूंनी त्या पाचांपुढे हात जोडून त्यांच्याच हातून स्वतः अमृत घेतले. ज्याने दीक्षा दिली त्यानेच, ज्यांना दिली त्यांच्याकडून ती घेतली. पुढे १७०८ साली येथे गोदाकाठी देह ठेवण्यापूर्वी त्यांनी देहधारी गुरूंची परंपराच थांबवली आणि गुरूगादी ग्रंथाला दिली. २००८ साली या घटनेची त्रिशताब्दी झाली तेव्हा नांदेडचे रस्ते रुंद झाले, पूल झाले. आम्ही त्या रस्त्यांवरून जातो आणि त्या विधीचा अर्थ विचारत नाही. शीख समाजातून जात गेली असे मी म्हणणार नाही. मजहबी आणि रविदासी बांधवांचा अनुभव त्याविरुद्ध साक्ष देतो. येवल्याच्या घोषणेनंतर १९३६ साली बाबासाहेब अमृतसरच्या शीख परिषदेला गेले होते आणि पुढे त्यांनी तो मार्ग घेतला नाही. तरीही अभिषेक उलटा करता येतो, वरून खाली येणारे पाणी खालून वर नेता येते, हे त्या पाच जणांनी करून दाखवले होते.

आणि मग १४ ऑक्टोबर १९५६. अशोक विजयादशमी. हा दिवस का निवडला, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. मी फक्त विधीकडे पाहतो. दसरा हा आपल्या गावगाड्यातला सर्वांत मोठा राजकीय खेळ होता. त्या दिवशी गावाने सैन्याचे सोंग घ्यायचे, पाटलाने राजाचे. वाजतगाजत शिवेपर्यंत जायचे, सीमोल्लंघन करायचे आणि आपट्याची पाने 'सोने' म्हणून लुटून आणायची. कोणी पुढे चालायचे, पहिले सोने कोणी तोडायचे, हे मानपान ठरलेले. त्यावरून डोकी फुटत. आमच्या गावी महारांकडे रेड्याचे काम असे आणि मांगांकडे वाजवणे. त्याच दिवशी नागपूरला लाखो माणसांनी दुसरीच शीव ओलांडली. प्रथम बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले. येथवर परंपरा. त्यानंतर बाबासाहेब स्वतः उभे राहिले आणि समोरच्या जनसमुदायाला त्यांनी स्वतःच दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. ते भिक्खू नव्हते. काही क्षणांपूर्वी दीक्षा घेतलेला एक उपासक लाखोंना दीक्षा देत होता. मंत्र संस्कृतात पुटपुटलेला नव्हता. प्रतिज्ञा ज्याच्या त्याला समजेल अशा भाषेत, ज्याच्या त्याच्या तोंडून उच्चारलेल्या. त्यांत ब्राह्मणाच्या हातून कोणतेही क्रियाकर्म करवून घेणार नाही, अशीही एक प्रतिज्ञा आहे. अभिषेकाच्या कुलपाची किल्लीच येथे वाटून टाकली गेली. आज्याने गण सोडला तो या वाटणीतला आपला हिस्सा घेऊन.

हे सगळे झाले, आता लोकशाही आहे, मग हा जुना हिशेब कशाला, असे माझे काही सहकारी मला विचारतात. त्यांना मी माझाच एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या इमारतीच्या पायाभरणीला मला अध्यक्ष म्हणून बोलावले होते. फेटा बांधला, मधली खुर्ची दिली, माझ्या पदव्या नीट वाचून दाखवल्या. प्रत्यक्ष कुदळ मारण्याची वेळ आली तेव्हा संयोजकांनी पूजेचे ताट माझ्या समोरून उचलून हळूच शेजारच्या गृहस्थांकडे सरकवले. "सर, तुमचं त्यात नसतं ना," असे हसत म्हणाले. आणि ते खरेही होते! मी बौद्ध; नारळ फोडायचा नाही, हे मीच चारचौघांत सांगत आलो आहे. माझ्याच प्रतिज्ञेचा आधार घेऊन मला बाजूला केले गेले. मी राग कोणावर काढणार? घरी येताना आज्याचा बेगडी मुकुट आठवला. आपण विधी नाकारला. पण इमारत मात्र विधीनेच उभी राहते असे सर्वांनी गृहीत धरलेले होते, आणि त्या गृहीताला मी खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्या.

दूर दिल्लीतही याहून वेगळे चित्र नाही. आपल्या संविधानाने शपथेचे दोन पर्याय ठेवले आहेत, ईश्वरसाक्ष आणि गांभीर्यपूर्वक. आणि उद्देशिकेत लोकांनी संविधान कोणाकडून घेतलेले नाही, ते स्वतःच स्वतःला अर्पण केले आहे. अभिषेकाचे इतके स्वच्छ रूप जगात थोड्याच ठिकाणी असेल. पण २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले तेव्हा मठाधिपतींच्या मंत्रघोषात राजदंड आणून लोकसभाध्यक्षांच्या आसनाजवळ बसवण्यात आला, आणि आदिवासी समाजातून आलेल्या राष्ट्रपती त्या समारंभात उपस्थित नव्हत्या. महत्त्वाकांक्षेला मतपेटी पुरत नाही, तिला अजूनही तेल-पाणी लागते.

माझ्या विद्यार्थ्याला मी हे सगळे एका बैठकीत सांगितले असे नाही. तीनचार वेळा तो येत राहिला. शेवटी त्याने लातूरच्या मित्रांपुढे प्रस्ताव ठेवला की, अभिषेकाचा नियमच बदलू. रक्ताची अट काढू, आणि विधी पुरोहिताने न करता त्या प्रांतातल्या गावांनी करावा. मित्र चांगले आहेत, एकजण तर आपल्याच चळवळीतल्या घरचा. पण त्यांनी नकार दिला. युद्ध जिंक, खजिना घे, वाटल्यास सम्राटाच्या आसनावर बस, आम्ही हरायला तयार आहोत. मात्र हा नियम काढला तर खेळाचा तोलच जाईल, असे त्यांचे म्हणणे पडले. पुरोहिताचे सोंग घेतलेला मित्र सर्वांत जास्त चिडला. त्याने तीन रात्री काहीही न करता अर्धा कर मिळवला होता.

परवा तो पुन्हा आला. त्याच्या वहीत दोन पाने नवे नियम लिहिलेले होते, सुवाच्य अक्षरात, कलमे पाडून. तोल जाऊ नये म्हणून त्याने डोके लढवले आहे. गावांनी दिलेला अधिकार दर चार डावांनी पुन्हा मागावा लागेल, आणि गावे तो काढूनही घेऊ शकतील. म्हणजे त्याच्या स्वतःच्याच राजाला धोका.

"हे चालंल का, सर?"

मी वाचले. एका ठिकाणी जागा कोरी होती. अभिषेकाच्या वेळी शब्द कोणते म्हणायचे, ते त्याने लिहिलेले नव्हते.

"हे का सोडलंस?"

"ते त्या गावांनी ठरवायचं ना, सर. मी कशाला लिहू?"

दिवाळीच्या सुट्टीत ते लातूरला पुन्हा बसणार आहेत. पुरोहित झालेला मुलगा येणार की नाही ते अजून ठरलेले नाही. एक माणूस कमी पडला तर गावांचे सोंग मी घ्यावे, असा त्याचा आग्रह आहे. मला फासा टाकता येत नाही हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, गावांना फासा लागत नाही.